विणायला बसले की अपराधी का वाटते?

निफाडचा पारा घसरल्याच्या बातम्या वर्तमानपत्रांत येऊ लागल्या, की नाशिकच्या घराघरांतून माळ्यावरच्या लोकरीच्या पिशव्या खाली उतरतात, आणि त्यानंतर काही आठवड्यांत माझ्या गंगापूर रोडवरील समुपदेशनाच्या खोलीत एक ठरावीक वाक्य ऐकू येऊ लागते : "मॅडम, विणायला बसलं की बरं वाटतं, पण उठलं की अपराधी वाटतं." शब्द थोडेफार बदलतात. कोणाला घरची कामे पडलेली असताना सुया हातात घेणे ही चैन वाटते, कोणाला एवढ्या लोकरीचे शेवटी झाले काय याचा हिशोब देता येत नाही, तर कोणाला 'एवढं छान करतेस तर विकत का नाहीस' या कौतुकाचाच जाच होतो. हे गाऱ्हाणे मी इतक्या जणींकडून, आणि क्रोशाची सुई पायजम्याच्या खिशात लपवून ठेवणाऱ्या एका निवृत्त गृहस्थांकडूनही, ऐकले आहे, की त्यावर एकदा सविस्तर लिहिणे मला आवश्यक वाटले.

त्यासाठी मी एका बाईंची हकीकत निवडली आहे. ती त्यांच्या संमतीने आणि ओळख पटणार नाही असे बदल करून सांगत आहे. मी त्यांना ताई म्हणत असे. येथेही तसेच म्हणते. वय ५४, घर इंदिरानगरात, मुलगा आणि सून पुण्याला, पती अंबडच्या एका कारखान्यातून वर्षभरात निवृत्त होणार. त्या माझ्याकडे आल्या त्या रात्री झोप लागत नाही आणि लहानसहान गोष्टींवरून चिडचिड होते म्हणून. विणकामाचा विषय पहिल्या दोन भेटींत निघालाच नाही. तिसऱ्या भेटीत रुमाल काढताना त्यांच्या पिशवीतून क्रोशाच्या अर्धवट चौकोनांचा गठ्ठा जमिनीवर सांडला, आणि तो गोळा करताना त्यांची इतकी धांदल उडाली, की मला त्या चौकोनांकडे पाहणे भागच पडले.

"सुंदर आहेत," मी म्हणाले.

"ऑर्डरचे आहेत. आता डोळ्यांसमोर नको वाटतात."

दोन वर्षांपूर्वी ताईंनी भाचीसाठी बाळंतविडा केला होता : कुंची, टोपडे, पायमोजे. सुनेने त्याची छायाचित्रे कौतुकाने व्हॉट्सअॅपवर टाकली आणि सोसायटीतून मागण्या येऊ लागल्या. पहिला महिना आनंदात गेला. नंतर घासाघीस सुरू झाली. टोपडे आणि पायमोजे यांच्या जोडीला त्यांना तीन संध्याकाळी लागत. त्यांनी ४०० रुपये सांगितले, तर एका बाईंनी १५० रुपयांना घरपोच मिळणाऱ्या तशाच जोडीचे छायाचित्र उत्तरादाखल पाठवले. (दुकानातील बहुतेक स्वेटर यंत्रावर विणलेले असतात, पण क्रोशाचे काम आजही जवळजवळ सर्व हातानेच होते, तेव्हा त्या दीडशे रुपयांच्या जोडीमागेही कोठेतरी कोणाचे हात होतेच, आणि त्यांच्या पदरात काय पडले असेल, हा विचार माझ्या मनातून अजून गेलेला नाही.) त्या दिवसापासून ताई तास मोजू लागल्या. लोकरीचे पैसे वजा जाता तासाला काय पडले, याचा हिशोब त्या कॅलेंडरच्या मागच्या बाजूला मांडत. शेवटी त्यांनी मागण्या घेणे बंद केले. परंतु मोजणे बंद झाले नाही. स्वतःसाठी म्हणून लोकर हातात घेतली, तरी दोन ओळींनंतर मनात प्रश्न उभा राही की हे कोणासाठी, कशासाठी, आणि एवढ्या वेळात दुसरे काय झाले असते. पती थट्टेने "या महिन्यात लोकरीवर किती?" असे विचारीत, आणि ताईंना ती थट्टा ऐकू येत नसे.

येथे माझ्या हातून एक चूक झाली, ती सांगितली पाहिजे. मी त्यांना एक वही करायला सांगितली. रोज अर्धा तास विणावे आणि झाल्यावर मनाला किती बरे वाटले त्याला दहापैकी गुण द्यावेत, असा तो गृहपाठ होता. ज्यांनी आवडीच्या गोष्टी टाकून दिलेल्या असतात त्यांना हा उपाय बहुधा मानवतो. ताईंनी वही काटेकोरपणे भरली आणि पुढच्या भेटीत खिन्न चेहऱ्याने माझ्यासमोर ठेवली. "सोमवारी सात होते, मंगळवारी सहा, काल पाचच. मला नीट आनंदसुद्धा होत नाही, मॅडम." मोजण्याने थकलेल्या बाईंच्या हाती मी आणखी एक माप दिले होते. मी ती वही त्यांच्याकडून परत मागून घेतली.

माझी वैचारिक जडणघडण अमेरिकी मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांच्या विवेकनिष्ठ मानसोपचार पद्धतीत झाली आहे. एलिस यांनी १९५५ च्या सुमारास मांडायला सुरुवात केलेला विचार थोडक्यात असा, की घडलेल्या गोष्टीपेक्षा त्या गोष्टीविषयी आपण धरलेला हट्ट आपल्याला अधिक छळतो. मराठी माणसाला हा हट्ट शोधायला फार लांब जावे लागत नाही, कारण आपल्या भाषेत तो 'च' या एका अक्षरात बसतो. वेळेचा उपयोग झालाच पाहिजे, हाती घेतलेले पूर्ण झालेच पाहिजे, छंद असेल तर त्यात प्रावीण्य आलेच पाहिजे. ताईंच्या बोलण्यात हा 'च' ठायी ठायी होता, आणि तो मी त्यांना दाखवलाही. त्यांनी मान डोलावली. परंतु मान डोलावणे आणि पटणे यांत अंतर असते, आणि ते अंतर कोणत्याही सिद्धांताने कापता येत नाही. त्यासाठी माणसाच्या स्वतःच्या आयुष्यातील एखादी जागा सापडावी लागते.

ती जागा सहाव्या भेटीत सापडली. मी सहज विचारले, "हा हिशोब तुम्ही कोणाकडून शिकलात?"

ताईंचे माहेर येवल्याचे. वडील मागावर पैठणी विणत आणि आई दिवसभर कांड्या भरत असे. मजुरी साडीमागे ठरलेली, आणि भरजरी साडी मागावरून उतरायला महिनोन्महिने लागत, त्यामुळे घरात प्रत्येक दिवसाला भाव होता. पाहुणा आला, ताप आला, रेशीम सारखे तुटू लागले, तर काय बुडाले ते सर्वांना कळे. सूत हातात आहे आणि त्याची मजुरी नाही, ही कल्पनाच त्या घरात कोणाला करता आली नसती. हे ऐकताना मला वाटले की प्रश्नाचे मूळ हाती लागले. खरे तर तसे समजून मी थांबलेही असते. पण ताई बोलत राहिल्या.

"आईकडे एक क्रोशाची सुई होती. डालड्याच्या डब्यात ठेवायची. रात्री जेवणं झाली की उरलेल्या सुती दोऱ्याचे रुमाल करायची. कधी करायची, कधी उसवायची. मी लहान होते, तिच्या मांडीला टेकून टाके मोजायचे. एकदा दादांनी, म्हणजे वडिलांनी, विचारलं, याचे पैसे कोण देणार आहे?"

"मग आई काय म्हणाल्या?"

ताई थांबल्या. मला वाटते, ते वाक्य त्यांना त्या क्षणापर्यंत आठवत नव्हते.

"म्हणाली, हे मोजायचं नाही."

त्यानंतर बराच वेळ आम्ही दोघीही बोललो नाही. समुपदेशकाला अशा वेळी बोलण्याचा फार मोह होतो, आणि इतक्या वर्षांच्या कामातून मी काही कमावले असेल, तर तो मोह आवरणे हे कमावले आहे. मग ताईच म्हणाल्या, "पण टाके तर मोजायचीच की ती. आणि चुकली तर उसवायची."

माझ्यासाठी हे वाक्य त्या साऱ्या भेटींचे सार होते, आणि त्याने माझी स्वतःचीही समजूत बदलली. तोवर मी मोजणे हाच रोग समजत होते. वास्तविक मोजण्याचे दोन प्रकार आहेत. एक मोजणे कामाच्या आत असते. साध्या चौकोनाचेच पाहा : साखळ्यांचे कडे करायचे, त्यात तीन-तीन खांबांचे (म्हणजे उभ्या लांब टाक्यांचे) चार गट घालायचे, मध्ये कोपऱ्यासाठी दोन-दोन साखळ्या सोडायच्या, आणि पुढच्या प्रत्येक फेरीत गट वाढवीत जायचे. ही गणती मनाला बोटांच्या टोकाशी आणून बसवते. तेवढा वेळ कालचे भांडण आणि उद्याचे बिल यांना आत यायला फट मिळत नाही. दुसरे मोजणे कामाच्या बाहेर उभे असते आणि घड्याळ, भाव, शेजारणीचे काम, लोकांचे मत यांच्या पट्टीने हातातले काम तोलत राहते. पहिले मोजणे विश्रांती देते, दुसरे ती हिरावते, आणि दोन्ही एकाच वेळी करता येत नाहीत, हे विणणाऱ्या कोणालाही ठाऊक असते, कारण मन भावाकडे गेले की टाका चुकतोच. (हा 'च' मात्र मी राहू देते.)

यातून जे मार्गदर्शन मी आता इतरांना करते ते फार गहन नाही. प्रथम, विकण्यासाठीचे काम आणि स्वतःचे काम यांच्या टोपल्या वेगळ्या ठेवाव्यात. ज्यांना पैशांची गरज आहे त्यांनी अवश्य विकावे, आणि वेळेचे पूर्ण पैसे न लाजता मागावेत. छंद पवित्र असतो म्हणून फुकट द्यावा, असे माझे मुळीच म्हणणे नाही. परंतु दुसऱ्या टोपलीतील लोकरीला भाव विचारायचा नाही, आणि तिच्यातून काही पूर्ण झालेच पाहिजे असा नियमही तिला लावायचा नाही. उसवणे म्हणजे अपयश, ही समजूतही सोडावी. क्रोशात एका वेळी सुईवर बहुधा एकच फास असतो, त्यामुळे दोरा ओढला की हवे तेथपर्यंत काम मागे नेता येते. सुयांवरच्या विणकामात सगळे टाके जिवंत, म्हणजे सुईवर उघडे, असतात आणि एक गळला की शिडीसारखा खाली उतरत जातो, पण तोही क्रोशाच्या सुईने अलगद वर आणता येतो. जुना स्वेटर उसवून निघालेली कुरळी लोकर लड करून ओली करावी आणि वजन टांगून वाळवावी, म्हणजे ती पुन्हा सरळ होते; आपल्या आया-आज्यांनी एका लोकरीत दोन-तीन मुलांचे स्वेटर असेच भागवले आहेत.

नव्याने सुरुवात करणाऱ्यांनी फिक्या रंगाची, जराशी जाड लोकर आणि चार मिलीमीटरच्या आसपासची सुई घ्यावी. काळ्या लोकरीत टाके दिसत नाहीत आणि दोष मात्र स्वतःच्या बुद्धीला दिला जातो. नाशिकची थंडी दोन-अडीच महिन्यांची, म्हणून उन्हाळ्यात लोकरीऐवजी सुती दोरा हातात असावा. तो घामट हातांना चिकटत नाही. वीस-पंचवीस मिनिटांनी हात सोडून मनगटे हलवावीत, कोपराखाली उशी घ्यावी, आणि अंगठा व शेजारची दोन बोटे रात्री बधिर होऊ लागली, तर छंदाचा अभिमान बाजूला ठेवून डॉक्टरांना दाखवावे.

आणि एक इशारा. विणकाम मनाला विसावा देते, ते औषध नव्हे. दोन आठवड्यांहून अधिक काळ कशातच रस वाटत नसेल, झोप आणि भूक बिघडली असेल, जगणे नकोसे वाटत असेल, तर लोकर घेऊन बसण्याने ते निभणार नाही. अशा वेळी मनोविकारतज्ज्ञांना भेटावे, किंवा शासनाच्या टेलिमानस या सेवेला १४४१६ या क्रमांकावर दूरध्वनी करावा. ताईंच्या बाबतीत ही शंका मी पहिल्याच भेटीत तपासून पाहिली होती.

घरच्यांसाठीही दोन शब्द. कौतुक करताना 'विक की' हे म्हणण्याआधी 'हे कसे केलेस' असे विचारून पाहावे. ताईंच्या यजमानांना मी एकदा बोलावले होते. आपल्या थट्टेने काय होत होते, हे ऐकून ते ओशाळले, आणि पुढच्याच आठवड्यात मेन रोडवरून त्यांनी न विचारता चार गुंडे आणले. रंग भयंकर होते, असे ताईंनी मला हसत सांगितले.

ताई आता महिन्याला फार तर एक मागणी घेतात, आणि तिचा भाव खाली आणत नाहीत. झोप अजून अधूनमधून बिघडते. फेब्रुवारीतल्या शेवटच्या भेटीला त्या लवकर आल्या होत्या आणि बाहेरच्या बाकावर त्याच भयंकर जांभळ्या लोकरीचे काहीतरी विणत बसल्या होत्या. मी दार उघडून विचारले, "हे काय होणार आहे, ताई?"

त्यांनी वर न पाहता डाव्या हाताचे एक बोट उचलून मला थांबवले. ओठ हलत होते. सोळा, सतरा, अठरा.