तबकडीची पत्रं : काफी थाट, अल्फा शाळा आणि बुरशी

या वेळी पाच पत्रं घेतली आहेत. सगळी लांबलचक होती, कात्री मी लावली. ज्यांची राहिली त्यांनी राग मानू नये. 'माझ्याकडच्या रेकॉर्डचे किती येतील' या प्रश्नाला या सदरात उत्तर मिळत नाही, हे एव्हाना सगळ्यांना ठाऊक आहे.

वाईहून एक शिक्षिका : वडिलांचा रेकॉर्ड प्लेअर दुरुस्त करून घेतला. घरात सगळं शास्त्रीय आणि नाट्यसंगीत. मी स्वतः पेटी वाजवते. जॅझ कधी ऐकलं नाही, आता ऐकावंसं वाटतं. पाच रेकॉर्डी सांगा.

पाच नको, तीन घ्या. पाच घेतल्यात तर दोन कपाटात राहतील, हा अनुभव आहे.

पहिली माइल्स डेव्हिसची 'काइंड ऑफ ब्लू'. सगळेच हे नाव सांगतात, मीही सांगतो, पण तुम्ही पेटी घेऊन बसा म्हणून सांगतो. पहिलंच 'सो व्हॉट' लावा आणि पांढरी दोनला सा धरा. बोटं पांढऱ्या पट्ट्यांवरून खाली उतरणारच नाहीत. आपला काफी थाट आहे तो. चार मात्रांची सोळा आवर्तनं तिथे काढली की अख्खा मामला अर्धा सूर वर, काळी दोनवर सरकतो. आठ आवर्तनं तिथे, की पुन्हा आठ पांढरी दोनवर. बस, एवढाच सांगाडा. पुढे कोल्ट्रेन आणि अ‍ॅडर्ली सॅक्सोफोनवर त्यात काय काय भरतात ते ऐकत राहायचं. राग नव्हे तो, वादी-संवादी शोधत बसू नका. पण एका सुरावर ठाण मांडून बसण्याची मजा तुम्हाला कुणी शिकवायला नको.

आता एक मेख. ही रेकॉर्ड 1959 साली दोन बैठकांत झाली, मार्चमध्ये आणि एप्रिलमध्ये. मार्चच्या बैठकीत टेप मशीन किंचित हळू फिरत होतं, ती टेप नेहमीच्या वेगाने वाजवली की जलद फिरते, त्यामुळे पहिल्या बाजूची तिन्ही गाणी मूळ सुरापेक्षा चढी ऐकू येतात. आमच्या जहाजावर मडगावचा एक सेकंड इंजिनिअर होता. त्याची गिटार दुसऱ्या बाजूला जुळायची आणि पहिल्या बाजूला जुळायची नाही. मी रेडिओ ऑफिसर, म्हणजे जहाजावरचा 'स्पार्क्स', त्यामुळे दोष माझ्या प्लेअरचा ठरला. दोनदा मोटर उघडली, पट्टा बदलला, ताटलीच्या कडेवरचे ठिपके दिव्याखाली अगदी स्थिर दिसत होते, म्हणजे वेग बरोबर होता, तरी तो ऐकेना. 1992 साली दुरुस्त आवृत्ती निघाली तेव्हा आमचं भांडण मिटलं. म्हणून तुम्ही अस्सल जुनीच्या मागे लागू नका. सूर दुरुस्त केलेली नवी घ्या, नाहीतर पेटीला नावं ठेवाल.

दुसरी डेव्ह ब्रुबेकची 'टाइम आउट', तीही 1959 चीच. 'टेक फाइव्ह' पाच मात्रांचं आहे, तीन-दोन असं. झपताल अर्धा कापून उलटा ठेवला की झालं. 'ब्लू राँडो' नऊ मात्रांचं : दोन-दोन-दोन-तीन. हा ठेका त्याने तुर्कस्तानात रस्त्यावरच्या वादकांकडून उचलला. त्याच 1958 च्या दौऱ्यात तो आपल्याकडेही वाजवून गेला होता. वर्गातल्या पोरांना हाताने टाळ्या धरायला लावा, बाकं फुटतील.

तिसरी ड्यूक एलिंग्टनची 'फार ईस्ट स्वीट'. 1963 साली त्याचा वाद्यवृंद पश्चिम आशिया आणि भारत फिरला, ही रेकॉर्ड 1966 च्या डिसेंबरात झाली. त्यात 'ब्लूबर्ड ऑफ दिल्ली' नावाचा तुकडा आहे. कुठल्याशा साळुंकीसारख्या पाखराची शीळ क्लॅरिनेटवर येते, जाते, पुन्हा येते. 'आग्रा'मध्ये हॅरी कार्नीचा भला थोरला बॅरिटोन सॅक्सोफोन असा काही चालतो की ताजमहाल संगमरवराचा नसून काळ्या दगडाचा असावा. मला हा तुकडा अख्ख्या रेकॉर्डीत सगळ्यात आवडतो. माझ्या ओळखीतल्या कुणालाही आवडत नाही.

कोल्ट्रेनची 'अ लव्ह सुप्रीम' मुद्दाम सांगितली नाही. पुढच्या वर्षी पत्र लिहा, तेव्हा सांगेन.

नागपूरहून एक निवृत्त गृहस्थ : जॅझ ही बुद्धीने ऐकायची गोष्ट आहे. रेगे म्हणजे गांजा, जटा आणि समुद्रकिनारा. दोन्ही एका पंगतीला का बसवता?

साहेब, पंगत मी मांडलेली नाही. जमैकात किंग्स्टनला अल्फा बॉइज स्कूल नावाची शाळा होती, अनाथ आणि हाताबाहेर गेलेल्या पोरांसाठी, जोगिणींनी म्हणजे कॅथलिक नन्सनी चालवलेली. तिथे पोरांना सुतारकाम, छपाई शिकवत आणि बँडमध्ये घालत. सिस्टर मेरी इग्नेशियस म्हणून एक जोगीण होत्या, त्या स्वतः रेकॉर्डी जमवायच्या आणि पोरांना ऐकवायच्या. त्या बँडमधून ट्राँबोनवाला डॉन ड्रमंड निघाला, सॅक्सोफोनवाला टॉमी मॅकूक निघाला. ही मंडळी हॉटेलांत जॅझ वाजवून पोट भरत होती. 1964 साली त्यांनीच स्कॅटलाइट्स हा बँड काढला आणि स्का, म्हणजे जमैकाचा जलद नाचाचा प्रकार, वाजवला. स्का संथ झाला तो रॉकस्टेडी, आणि 1968 च्या सुमारास त्याचा रेगे झाला. ज्यांच्या स्टुडिओ वनमध्ये हे घडलं ते कॉक्सन डॉड स्वतः जॅझचे वेडे.

त्याच शाळेतला जो हॅरियट 1951 साली इंग्लंडला गेला. तिथे त्याने कलकत्त्यात जन्मलेल्या जॉन मेयरबरोबर 'इंडो-जॅझ स्वीट' केली, 1966 ची रेकॉर्ड. एका बाजूला सतार-तबला, दुसऱ्या बाजूला किंग्स्टनच्या अनाथ शाळेतला सॅक्सोफोन. तुमच्या संग्रहात ती नसेल तर आधी ती मिळवा. मूळ प्रत परवडणार नाही, नवी छापलेली घ्या. स्कॅटलाइट्सचीही एखादी स्टुडिओ वनची निवड घ्या आणि ड्रमंडचा ट्राँबोन ऐका. बुद्धीने ऐका हवं तर.

गांजाचं म्हणाल तर तो शब्द तिकडचा नाहीच. 1845 पासून आपले गिरमिटिये, म्हणजे करारावर नेलेले मजूर जमैकाच्या उसाच्या मळ्यांत गेले, त्यांच्याबरोबर तो गेला. चिलीमही आपलीच. तेव्हा त्या बाबतीत आपण जरा गप्प बसलेलं बरं.

पुण्याहून एक विद्यार्थी : काका, तीन महिने पैसे साठवून जमैकात छापलेली एक जुनी पंचेचाळीसची (मिनिटाला पंचेचाळीस फेरे घेणारी छोटी) रेकॉर्ड मागवली. खरखरते, सुई डावीकडे-उजवीकडे डोलते, आणि मागच्या बाजूला तेच गाणं, पण गाणाराच गायब. मला फसवलं का?

नाही रे बाबा. तुला अगदी अस्सल माल मिळाला आहे.

1977 साली आमचं जहाज किंग्स्टनला चार दिवस लागलं होतं. ऑरेंज स्ट्रीटवर दुकानांच्या दारातच स्पीकर लावलेले, रस्ता ओलांडेपर्यंत तीन गाणी ऐकू यायची. मी बारा रेकॉर्डी घेतल्या. पाचांवर नाव नाही, गाव नाही, नुसता कोरा कागद. दोन तर अजून प्रेसच्या उबेत असाव्यात, इतक्या ताज्या आणि इतक्या वाकड्या. तिकडे जुन्या रेकॉर्डी वितळवून पुन्हा छापायचे, भोक मधोमध पडेल याची खात्री नाही, आणि गाणं दोन आठवडे गाजलं की काम संपलं. पन्नास वर्षांनी पुण्यातला एक मुलगा ती मागवेल, हे कुणाच्या गावी नव्हतं. सुई डोलते ती भोक बाजूला पडलंय म्हणून. मधलं भोक मोठं आहे, आतला गोल अ‍ॅडॅप्टर थोडा थोडा सरकवून बघ, बराच फरक पडतो.

आणि गायब झालेला गायक हीच तर मजा आहे. त्या बाजूला 'व्हर्शन' म्हणतात. किंग टबी हा त्यातला बाप माणूस. मूळचा रेडिओ-अ‍ॅम्प्लिफायर दुरुस्त करणारा, ट्रान्सफॉर्मर स्वतः गुंडाळणारा, म्हणून माझा जरा जास्तच जवळचा. वॉटरहाउस भागातल्या घरात चार ट्रॅकचं मिक्सर घेऊन बसायचा. गाणाऱ्याचा ट्रॅक खाली ओढायचा, ढोल आणि बेस ठेवायचा, मधेच गाण्यातला एक शब्द उचलून प्रतिध्वनीत सोडून द्यायचा. तो शब्द विहिरीत पडलेल्या कळशीसारखा खाली खाली जातो. ऑगस्टस पाब्लोची 'किंग टबीज मीट्स रॉकर्स अपटाउन' (1976) घे. पाब्लो मेलोडिका वाजवतो, म्हणजे शाळेतल्या पोरांची तोंडाने फुंकायची छोटी पेटी. त्या खेळण्यातून इतका उदास सूर कसा काढला, मला अजून उमगलेलं नाही.

लाँग प्ले घ्यायच्या तर बर्निंग स्पिअरची 'मार्कस गार्वी' (1975) आणि कल्चरची 'टू सेव्हन्स क्लॅश' (1977). बॉब मार्लेची 'कॅच अ फायर' (1973) घेशीलच. तिचं पहिलं कव्हर सिगारेट लायटरच्या आकाराचं, झाकण खरोखर उघडायचं. त्या 20,000 प्रती निघाल्या आणि आता लोक त्या झाकणासाठी पैसे मोजतात. झाकण वाजत नाही. तू साधं कव्हर घे. आणखी एक, या रेकॉर्डीचं मूळ रेकॉर्डिंग जमैकातलं, पण लंडनमध्ये त्यावर गिटार आणि कीबोर्ड चढवले, रॉक ऐकणाऱ्यांना गोड वाटावं म्हणून. वाईट नाही, पण मधेच पाहुणा घरात आल्यासारखी गिटार येते ती म्हणूनच.

ठाण्याहून : जॅझच्या रेकॉर्डी काढणाऱ्या अमेरिकेतल्या ब्लू नोट कंपनीची अस्सल जुनी रेकॉर्ड कशी ओळखायची?

गाणी संपल्यावर लेबलपर्यंत जी मोकळी जागा असते, तिथे उजेड तिरपा पाडून बघा. 'आरव्हीजी' असा शिक्का किंवा कोरलेली अक्षरं असतील तर ते रूडी व्हॅन गेल्डर. हा माणूस दिवसा लोकांचे डोळे तपासायचा आणि न्यू जर्सीतल्या हॅकेनसॅकला आईवडिलांच्या दिवाणखान्यात रेकॉर्डिंग करायचा. कोल्ट्रेनची 'ब्लू ट्रेन' 1957 साली तिथेच झाली. शेजारी कानाच्या पाळीसारखी एक खूण दिसली तर ती छापणाऱ्या कारखान्याची, 1966 च्या सुमारापर्यंतची. अक्षरं आहेत, कान नाही, तर बहुधा नंतरची प्रत.

मी ही खूण शिकलो ती पैसे मोजून. मुंबईच्या एका विक्रेत्याने 'न्यूयॉर्कची पहिली प्रत' म्हणून दिलेली रेकॉर्ड घरी येऊन भिंगाखाली धरली, कान नाही. फोन केला तर म्हणाला, "काका, कान काय करायचाय, ऐकायची आहे ना?" चिडलो होतो. पण रेकॉर्ड लावली तर ती इतकी स्वच्छ वाजत होती की परत न्यायची राहूनच गेली.

सावंतवाडीहून : दर पावसाळ्यात रेकॉर्डींवर पांढरी बुरशी धरते. उन्हात घातल्या तर चालेल का?

मुळीच नको, पापडासारख्या वळतील. मी रत्नागिरीत राहतो, त्यामुळे तुमचं दुःख घरचं आहे. लेबलवर पाणी जाऊ न देता डिस्टिल्ड वॉटर आणि भांड्यांच्या साबणाचे दोन थेंब, मऊ ब्रश खोबणीच्या दिशेने फिरवायचा, आडवा नाही. मग नुसत्या डिस्टिल्ड वॉटरने पुसून सावलीत पंख्याखाली. बुरशीचा ब्रश वेगळा ठेवा, तोच चांगल्या रेकॉर्डीवर फिरवलात तर रोपं लावल्यासारखं होईल. जुन्या लाखेच्या अठ्ठ्याहत्तरच्या असतील तर स्पिरिट किंवा अल्कोहोल चुकूनही लावू नका, लाख विरघळते.

आतलं कागदी पाकीट बुरसलेलं असेल तर फेकाच, त्याचा मोह नको. बाहेरच्या प्लॅस्टिकचं तोंड जूनपासून उघडं ठेवा. कपाट भिंतीपासून चार बोटं पुढे ओढा, रेकॉर्डी उभ्या ठेवा, आणि तळाला झिरोचा बल्ब लावून ठेवा, कागदाला टेकणार नाही असा. आमच्या घरी तो जूनमध्ये लागतो आणि घटस्थापनेला विझतो. वीजबिलाची चौकशी बायको करते तेव्हा मी फ्रिजकडे बोट दाखवतो.