फोटोग्राफ, फोटोग्राफी आणि जागा बदलणारा जोर

प्रश्न : मी हडपसरला कॉल सेंटरमध्ये काम करते. शिक्षण मराठी माध्यमातलं. 'डेव्हलपमेंट', 'इलेक्ट्रिसिटी' असले शब्द आले की पलीकडचा माणूस 'पार्डन?' म्हणतो आणि शेजारची मुलं हसतात. डिक्शनरीत शब्दाच्या मध्ये टिंबं असतात, तिथे तोडूनही जमत नाही. जोर नक्की कुठे द्यायचा?
— एक वाचक

उत्तर : टिंबं आधी सोडून द्या. ओळ संपताना शब्द कुठे तोडावा, हे ती छापणाऱ्याला सांगतात. तुम्ही बघायचं ते शेजारच्या उच्चारात. तिथे ज्या सिलॅबलच्या, म्हणजे एका झटक्यात म्हणायच्या तुकड्याच्या, आधी वरच्या अंगाला बारीक उभी रेघ दिसेल, मुख्य आघात, म्हणजे जोर, त्याच्यावर. रेघ खालच्या अंगाला असली तर आघात दुय्यम.

डिक्शनरी हाताशी नसेल, तर शब्दाचं शेपूट बघा. शेवटी 'शन', 'इक', 'इटी' असेल तर आघात बहुतेक वेळा त्याच्या लगेच आधी येतो. म्हणून 'इलेक्ट्रिक'मध्ये तो 'लेक'वर, पण 'इलेक्ट्रिसिटी'त 'ट्रि'वर. 'मेंट' आणि 'नेस' गरीब बिचारे, ते आघात हलवत नाहीत. 'डेव्हलप'मध्ये 'व्हे'वर, 'डेव्हलपमेंट'मध्येही 'व्हे'वरच. आपण मात्र हटकून 'डे'वर आपटतो! अपवाद आहेतच : 'पॉलिटिक्स', 'अरेबिक', 'टेलिव्हिजन' या तिन्हींत आघात पहिल्यावर.

पण खरी गोम पुढेच आहे. एका सिलॅबलवर जोर देणं आपल्याला जमतं, बाकीच्यांवरचा काढून घेणं जमत नाही. पाढे म्हणावेत तसे आपण सगळे स्वर ठणठणीत म्हणतो. इंग्रजीत आघात नसलेला स्वर बऱ्याचदा विरून पुसट 'अ' होतो. मोठ्याने म्हणून बघा : 'फो-ट-ग्राफ', आघात 'फो'वर. 'फ-टॉ-ग्र-फी', आघात 'टॉ'वर. 'फो-ट-ग्रॅ-फिक', आघात 'ग्रॅ'वर. पहिल्या शब्दातला भरघोस 'फो' दुसऱ्यात नुसता 'फ' उरला, हे कानाला कळलं की निम्मं काम झालं. 'कम्फर्टेबल' तर बोलताना बहुधा तीन सिलॅबलमध्येच उरकतात, 'कम्फ-त-बल'. स्पेलिंग बघून मोजाल तर चार भरतील.

रोजच्या कॉलमधले दहाएक शब्द वहीत काढा, आघाताचं सिलॅबल अधोरेखित करा आणि तेवढंच लांबवून म्हणा. आवाज चढवायची गरज नाही.

राहता राहिली हसणारी मुलं. ती 'हॉटेल' कसं म्हणतात, कान देऊन ऐका. आघात 'टेल'वर हवा.