क्रीम, ब्रश आणि आपली दमट हवा

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

मालवणात खोली घेतलीस, दाढीच्या क्रीमची ट्यूब आणलीस आणि आता ब्रश कुठला घेऊ म्हणून विचारतोस. बॅजर नावाच्या जनावराच्या केसांचा घ्यावा का, हेही खाली बारीक अक्षरात विचारलं आहेस. बॅजर नको. डुकराच्या केसांचाही नको. सिंथेटिक घे, झुबक्याचा व्यास २४ मिलिमीटरच्या आसपास, मूठ अ‍ॅक्रिलिकची नाहीतर चांगल्या प्लॅस्टिकची. कारणं कळली म्हणजे दुकानदार भलतंच काही गळ्यात मारणार नाही, म्हणून सविस्तर लिहितो.

दाढीच्या साबणाची कडक वडी असेल तर ती घासून साबण उचलायला ब्रशाचे केस ताठ लागतात. क्रीम आधीच मऊ असतं, त्यात पाणी आणि ग्लिसरीन असतंच. त्यात थोडं पाणी आणि हवा कालवली की फेस तयार. म्हणजे क्रीमला ब्रशाकडून फारसं काही नको असतं. ब्रशाची खरी परीक्षा घेते ती आपली हवा. जुलैत टॉवेल दोन दोन दिवस ओला राहतो, तिथे केसांचा दाट झुबका बुडाशी कधी वाळणार?

डुकराचा केस पाणी शोषतो. वापरण्याआधी तो चार-पाच मिनिटं कोमट पाण्यात बुडवून ठेवावा लागतो. पहिल्या पंधरा-वीस दाढ्या तो टोचतो, मग केसांची टोकं दुभंगतात आणि मऊ होतात. तसा तो गुणी ब्रश आहे, आणि इटलीच्या ओमेगा किंवा पोर्तुगालच्या सेमोग कंपनीचे असे ब्रश लोक हौसेने वापरतात. पण जितकं पाणी पितो तितकंच ते सोडायला वेळ घेतो. पावसाळ्यात बुडाशी ओल राहते, आधी कुबट वास येतो, मग काळे ठिपके दिसतात. घ्यायचाच असेल तर दोन घे आणि एक दिवसाआड वापर. बॅजरचं तेच, वर किंमत जास्त. त्याच्या प्युअर, बेस्ट, सिल्व्हरटिप अशा प्रती सांगतात, पण सगळ्या कंपन्यांना बांधणारं एकच मोजमाप नाही, एकाचा बेस्ट दुसऱ्याच्या प्युअरसारखा निघतो. शिवाय बॅजर पाणी फार धरून ठेवतो, त्यामुळे नवख्या हातात क्रीमचं ताक होतं.

खोक्यावर ‘प्युअर ब्रिसल’ असेल तर ते बहुधा डुकराचे केस. तुला चालत असतील, पण खोलीतल्या सोबत्याला किंवा घरच्यांना चालत नसतील तर आधी विचारून घे. शंका आली तर सुटलेला एक केस काडीवर जाळून बघ. जनावराचा केस जळक्या केसासारखा वास मारतो आणि राख चुरगळते. नायलॉन वितळून त्याचा कडक मणी होतो. जत्रेतल्या पालात विनानावाचा, कसले केस ते न सांगणारा ब्रश मात्र घेऊ नकोस. पहिल्या महायुद्धाच्या काळात नीट निर्जंतुक न केलेल्या केसांच्या ब्रशांतून माणसांना अँथ्रॅक्स हा जनावरांकडून येणारा जीवघेणा रोग झाला होता, आणि १९२० मध्ये ब्रिटनने जपानी ब्रशांच्या आयातीवर बंदी घातली. आता कारखान्यात केस निर्जंतुक करतात, पण ते करणारा कोण हे माहीत असावं.

आता सिंथेटिक. शंभराच्या आतला, दात घासायच्या ब्रशासारखा जाड नायलॉनचा, तो नव्हे. टोकाकडे निमुळते होत गेलेले बारीक धागे हवेत. ऑनलाइन घेतलास तर झुबक्याचा व्यास ‘नॉट’ नावाने आणि धाग्यांची मुठीबाहेरची उंची ‘लॉफ्ट’ नावाने मिलिमीटरमध्ये दिलेली असते. २२ ते २४ नॉट आणि ५० च्या आसपास लॉफ्ट बघ. दुकानात मोजायचं तर मुठीतून धागे निघतात तिथे दोरा गुंडाळ. दोरा ७५ मिलिमीटर भरला तर व्यास २४. लॉफ्ट फार उंच आणि झुबका बारीक असेल तर ब्रश गालावर लुळा पडतो. उलट बुटका आणि गच्च असेल तर सगळा फेस पोटात ठेवून घेतो, तोंडावर येतच नाही, आणि तुझी ट्यूब महिन्यात संपते. तळहातावर दाबून सोड, टोकं लगेच सरळ व्हायला हवीत. झुबका धरून मूठ हलव, कुरकुर नको. झुबका आणि मूठ जिथे चिकटवलेत तिथे फट असेल तर परत ठेव, पाणी तिथूनच आत जातं. लाकडी मूठ सुंदर दिसते, पण इथे फुगते आणि वॉर्निश सोलवटतं. क्रोमचा मुलामा दिलेला पत्राही खाऱ्या हवेत लवकर गंजतो.

पहिल्या चार-पाच वेळा दोन-चार धागे गळाले तर घाबरू नकोस. महिन्यानंतरही गळत असतील तर गोंद कच्चा.

वापरताना सिंथेटिकची एक खोड लक्षात ठेव. धागा पाणी शोषत नाही, पाणी धाग्यांच्या मधे उभं राहतं आणि दाबलं की एकदम बाहेर येतं. म्हणून भिजत घालू नकोस. कोमट पाण्यात बुडव, दोनदा झटक, पुरे. उकळतं पाणी नको, त्याने गोंद ढिला होतो. काजूच्या अर्ध्या पाकळीएवढं क्रीम झुबक्याच्या मधोमध घे आणि ओल्या गालावर गोल गोल फिरव, हलक्या हाताने. टोकांनी काम होतं. ब्रश फतकल मारून बसेपर्यंत दाबलास तर धागे बुडाशी मोडतात. अर्ध्या मिनिटात फेस दिसेल, पण तो खरा फेस नव्हे, नुसते मोठे बुडबुडे. आता टोकं पाण्याला टेकव, तीन-चार थेंब येऊ देत, पुन्हा फिरव. असं दोन-तीनदा केलं की बुडबुडे नाहीसे होतात, फेस घट्ट दह्यासारखा होतो आणि त्यावर ओली चकाकी येते. चिमटीत घेऊन बोटं घास, सरकली पाहिजेत. फेस मंद पांढरा आणि कोरडा असेल, ब्रश गालावर अडत असेल, तर आणखी थेंब हवेत. मानेवरून ओघळत असेल तर पाणी जास्त झालं, पुन्हा थोडं क्रीम घाल.

एवढं करूनही फेस चढला नाही तर ब्रशाला दोष देण्याआधी पाणी बघ. जांभ्यातल्या विहिरीचं पाणी सहसा मृदू असतं, पण खाडीजवळची विहीर एप्रिल-मेमध्ये मचूळ होते. मग साबणाचा साका होतो, फेस बसतो आणि झुबक्याच्या बुडाशी पांढरा थर धरतो. त्या दिवसांत दाढीपुरतं प्यायचं पाणी वाटीभर घे. पावसाळ्यात पागोळीचं पाणी भरून बघ, क्रीम निम्म्यात काम करेल.

दाढी झाली की नळाखाली बोटांनी धागे विंचरत धू, पाण्याचा गढूळपणा जाईपर्यंत. पिळताना मुठीत दाब, पिरगळू नकोस. मग झटक, आणि टॉवेलवर टोकं चार वेळा इकडून तिकडे फिरव. उभा ठेव की उलटा टांग, फरक फारसा पडत नाही. वारा लागतो का, एवढंच बघ. न्हाणीघरात ठेवू नकोस, पडवीत ठेव, झड येत नाही अशा कोपऱ्यात. मुंबईला जाताना ओला ब्रश बंद प्लॅस्टिकच्या नळीत घातलास तर एका रात्रीत वास धरेल. भोकं असलेली नळी घे किंवा फडक्यात सैल गुंडाळ.

महिन्यातून एकदा पेलाभर कोमट पाण्यात चमचाभर पांढरं व्हिनेगर घालून झुबका पाच मिनिटं बुडव, मूठ वर राहू दे. साक्याचा थर सुटतो. मग थेंबभर शाम्पूने धू. व्हिनेगर नाही म्हणून कोकमाचं आगळ वापरशील तर गुलाबी ब्रशाने दाढी करावी लागेल, ते तेवढं टाळ.