पेशीचं कूळ विचारताना

प्रिय,

तुझं पत्र आणि सोबतचे, एकेका पेशीतला आरएनए मोजून काढलेले आलेख पाहिले. हॉजकिन लिम्फोमा या लसिका-कर्करोगाच्या गाठींतल्या रीड-स्टर्नबर्ग पेशींच्या, म्हणजे त्यातल्या कर्कपेशींच्या, गटात टी-पेशींचे मार्कर (ओळखखुणा) दिसले, बी-पेशी बनवतात त्या इम्युनोग्लोब्युलिनचा, म्हणजे प्रतिपिंडांचा, मागमूस नाही, म्हणून या पेशी बी-पेशींपासून आल्या नसाव्यात असं तू लिहिलं आहेस. इतक्या लवकर तिथे पोचू नकोस. ऋषीचं कूळ आणि नदीचं मूळ विचारू नये म्हणतात. आपलं तर कामच ते विचारण्याचं. मग निदान कुणाला विचारायचं, हे आधी ठरवायला हवं.

पेशीच्या अंगावरची प्रथिनं आणि तिच्यातला आरएनए ती आज काय करते आहे ते सांगतात. ती कुणाची, हे नाही. कार्ल स्टर्नबर्ग यांनी १८९८ मध्ये आणि डोरोथी रीड यांनी १९०२ मध्ये या अवाढव्य, अनेक केंद्रकांच्या पेशींचं वर्णन केलं, आणि पुढची नव्वदहून अधिक वर्षं त्यांचं मूळ कुणाला ठामपणे सांगता आलं नाही. प्रतिकारशक्तीच्या पेशींपैकी मॅक्रोफेज म्हणा, डेंड्रायटिक पेशी म्हणा, ग्रॅन्युलोसाइट म्हणा, टी-पेशी म्हणा, प्रत्येक पक्षाच्या हाती काही ना काही होतं. सीडी१५ ही खूण ग्रॅन्युलोसाइटवर असते, ती इथे सापडते. फॅसिन हे प्रथिन डेंड्रायटिक पेशींत असतं, तेही सापडतं. बी-पेशींची खूण असलेलं सीडी२० मात्र बहुतेकदा नसतं, असलंच तर तुरळक. निरीक्षणं सगळी खरी होती, फक्त ती वेगळ्याच प्रश्नाची उत्तरं होती.

वाट मोकळी झाली ती डीएनएमुळे. बी-पेशी घडताना तिच्या इम्युनोग्लोब्युलिन जनुकांचे तुकडे कापून पुन्हा जोडले जातात. ही जोडणी प्रत्येक पेशीची वेगळी असते आणि तिच्या सगळ्या वंशजांत तशीच उतरते. मॅक्रोफेजमध्ये ही जनुकं मूळच्या, न कापलेल्या अवस्थेतच राहतात. अडचण एवढीच की गाठीत या पेशी साधारण शंभरात एखादीच, बाकी सगळा गोतावळा टी-पेशी, इओसिनोफिल वगैरेंचा. अख्ख्या गाठीचा डीएनए काढला तर आवाज त्या गोतावळ्याचाच ऐकू येणार. म्हणून १९९४ मध्ये राल्फ क्युपर्स, क्लाऊस राजेव्स्की, मार्टिन-लिओ हान्समान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ऊतींच्या छेदांतून एकेक पेशी उचलली आणि तिच्यावर पीसीआर केलं, म्हणजे तिच्या डीएनएच्या असंख्य प्रती काढल्या. एकाच रुग्णाच्या वेगवेगळ्या पेशींत तीच जोडणी मिळाली. बी-पेशी, आणि तीही एकाच पूर्वजाची.

पण वाद तिथे मिटला नाही, आणि तुझ्यासाठी हा भाग जास्त महत्त्वाचा. १९९५ मध्ये बर्लिनच्या एका गटाने अशाच पद्धतीने काही रुग्णांत अनेक वंशांच्या पेशी सापडल्याचं छापलं. २००० मध्ये त्याच गटाच्या पुढच्या कामातून मात्र एकच वंश निघाला. पेशी उचलताना शेजारच्या लिम्फोसाइटचा एक तुकडा आला तरी पीसीआर तो इमानदारीने वाढवून देतं. उलट बाजूही आहे: पातळ छेदात मोठं केंद्रक अर्धं कापलं जातं, त्यामुळे एखाद्या पेशीतून काहीच न मिळणं याला फारसा अर्थ नसतो.

जोडणीपलीकडचा पुरावा मला स्वतःला सर्वांत आवडतो. या पेशींच्या जनुकांत उत्परिवर्तनांचा खच असतो, म्हणजे त्या जर्मिनल सेंटरमधून गेल्या आहेत, जिथे बी-पेशींच्या प्रतिपिंड-जनुकांत बदल होतात आणि त्यांची पारख होते. १९९६ मध्ये लक्षात आलं की काही रुग्णांत ही उत्परिवर्तनं जनुक निकामी करणारी आहेत, चालू जनुकात मध्येच थांबा-खूण टाकणारी. अशी उत्परिवर्तनं सुमारे चौथाई रुग्णांत दिसतात. निरोगी जर्मिनल सेंटरमध्ये अशी बी-पेशी मरायलाच हवी. ती वाचली, म्हणजे तिला कुणीतरी हात दिला. कधी तो एपस्टाइन-बार विषाणूचा असतो: त्याचं एलएमपी२ए प्रथिन बी-पेशीच्या रिसेप्टरची (तिच्या अंगावरच्या प्रतिपिंडाची, ज्याच्या संकेतावर ती जगते) नक्कल करतं, आणि रिसेप्टर पार नष्ट झालेल्या पेशींत हा विषाणू जवळजवळ नेहमी आढळतो.

आता तुझ्या आलेखांकडे. या पेशींत इम्युनोग्लोब्युलिनचं लेखनच, म्हणजे जनुकावरून आरएनए बनणंच, बंद असतं. ते लेखन चालवणारे ओसीटी२ आणि बीओबी१ हे घटक बहुतेकदा नसतात किंवा क्षीण असतात. मग आरएनएपासून केलेल्या तुझ्या लायब्ररीत (क्रम वाचण्यासाठीच्या प्रतींच्या संचात) इम्युनोग्लोब्युलिन दिसणार कुठून? तू जो अभाव पुरावा म्हणून मांडला आहेस, तो तर अपेक्षितच होता. टी-पेशींच्या मार्करांचंही तसंच. या पेशींना टी-पेशी कडं करून चिकटलेल्या असतात, आणि गाठ विरघळवली तरी ती मिठी सहज सुटत नाही. तुझ्या नळीत 'एक पेशी' म्हणून गेलेली प्रत्येक गोष्ट एकच पेशी होती का, हे आधी तपास. शिवाय या पेशी मोठ्या आणि नाजूक. एकेक पेशी थेंबात पकडणाऱ्या यंत्रातून फार थोड्या शाबूत निघतात, त्यामुळे उरलेल्या गटावर किती भार टाकायचा याचाही विचार कर.

ज्यांच्यात या पेशी टी-पेशींपासून आल्या असे मोजके रुग्ण नोंदले गेले आहेत, त्यामुळे तुझी शंका हास्यास्पद नाही. पण ती सिद्ध करायची तर टी-पेशी रिसेप्टरची एकच जोडणी, डीएनएमध्ये, त्याच गाठीच्या अनेक स्वतंत्रपणे उचललेल्या पेशींत दिसली पाहिजे, आणि शेजारच्या टी-पेशींत दिसता कामा नये. पीएएक्स५ या बी-पेशींच्या प्रथिनाचा रंगही करून घे. फिकट का होईना, तो या पेशींत बहुधा येतोच.

तेव्हा त्याच गाठीचा गोठवलेला तुकडा मिळत असेल तर या पेशींवर असणाऱ्या सीडी३० या खुणेने रंगवून लेझरने पेशी काप. प्रत्येक फेरीत शेजारच्या टी-पेशी आणि पेशी नसलेला रिकामा तुकडाही घे. पीसीआरचे निकाल दाखवणाऱ्या जेलचे फोटो पाठवशील तेव्हा रिकाम्या तुकड्यांच्या रांगा कापून टाकू नकोस, मी आधी त्याच पाहणार आहे.

तुझी,
मार्गदर्शक