भरलेली पाण्याची बाटली

डिसेंबर लागला की शाळांमध्ये स्नेहसंमेलनाच्या तालमी सुरू होतात आणि माझ्याकडे एक प्रश्न हमखास येतो. "मॅडम, घरी हिचं तोंड मिटत नाही आणि शाळेत एक शब्द नाही. सगळ्यांची मुलं नाचात आहेत, आमचीच नाही. हट्टीपणा आहे का हा? की डॉक्टरांना दाखवू?" विचारणारी आई बहुतेक वेळा रडवेली झालेली असते. वडील सोबत आलेच, तर 'लाडानं बिघडली' हे त्यांनी घरूनच ठरवून आणलेलं असतं.

या प्रश्नाचं उत्तर म्हणून एका मुलीची हकिगत सांगते. तिच्या आईची परवानगी आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. तिला इथं चिऊ म्हणू.

चिऊ दुसरीत होती. कुटुंब मूळचं धुळे जिल्ह्यातलं. वडिलांना चाकणच्या एका कारखान्यात काम लागलं, म्हणून खेड तालुक्यातल्या एका गावात खोली घेऊन राहिलेलं. घरात अहिराणी. शाळा जिल्हा परिषदेची, बाई मनापासून शिकवणाऱ्या. पहिलीचा पहिला आठवडा सोडला तर ते अख्खं वर्ष आणि दुसरीचे पहिले दोन महिने चिऊ शाळेत कुणाशीही बोलली नव्हती. वही मात्र देखणी, गणितं बरोबर. आई माझ्याकडे आली ती 15 ऑगस्ट झाल्यावर. कुणीतरी पालकांच्या गटावर प्रभातफेरीचा व्हिडिओ टाकला होता. पोरं घसा फोडून घोषणा देत होती आणि त्यांच्यामधून चिऊ ओठ घट्ट मिटून चालत होती. "दहा वेळा पाहिला मॅडम," आई म्हणाली, "तिचं तोंड एकदाही हललं नाही."

मी तिला अभ्यासाचं काही विचारलं नाही. विचारलं, "शाळेत शू करायला जाते का?"

आई जरा गोंधळली. मग म्हणाली, "घरी आली की दप्तर टाकून आधी तिकडंच पळते."

"आणि पाण्याची बाटली?"

"भरलेलीच परत येते. मी ओरडते, पाणी का पीत नाहीस म्हणून."

साडेदहा ते पाच शाळा. बाईंना विचारल्याशिवाय वर्गाबाहेर जायचं नाही हा नियम. ज्या मुलीला विचारताच येत नाही ती काय करणार? पाणीच पीत नाही. सात वर्षांच्या मुलीनं एकटीनं शोधलेला हा उपाय होता आणि वर्षभर तो कुणाच्या लक्षात आला नव्हता. अशा मुलांच्या बाबतीत मी आता नेहमी आधी बाटलीचं विचारते.

घरी मोकळेपणानं बोलणारं मूल शाळेसारख्या ठरावीक ठिकाणी बोलूच शकत नाही, या अवस्थेला 'सिलेक्टिव्ह म्युटिझम' म्हणतात. 1877 मध्ये एका जर्मन डॉक्टरांनी तिची नोंद केली तेव्हा त्यांना वाटलं होतं, ही माणसं मुद्दाम गप्प बसतात. पुढं कितीतरी वर्षं तिच्या नावात 'स्वेच्छेनं' हा अर्थ राहिला. तो 1994 मध्ये बदलला आणि 2013 पासून मानसोपचाराच्या प्रमाण वर्गीकरणात ही अवस्था चिंतेच्या विकारांमध्ये मोडते. मराठीत 'निवडक मूकपणा' म्हणतात, तोही शब्द मला फारसा पटत नाही. मूल काहीच निवडत नसतं. बोलायची वेळ आली की भीतीनं त्याचा गळा बंद होतो. आपण त्याला हट्ट म्हणतो आणि मग हट्ट मोडायला निघतो.

प्रत्येक गप्प मूल या खान्यात बसत नाही, हेही इथंच सांगते. शाळेचा पहिला महिना धरायचाच नाही. त्यात रडणारी, गप्प राहणारी मुलं पुष्कळ असतात आणि ती आपोआप रुळतात. शाळेची भाषा नवी असेल तर काही महिने मूल नुसतं ऐकतं, तेही स्वाभाविक आहे. चिऊच्या बाबतीत मी हे नीट तपासलं. तिला शाळेतली मराठी येत होती, इतकी की घरी उशांना ओळीनं बसवून ती बाईंची हुबेहूब नक्कल करायची. पण भाषेचा संबंध अगदीच नव्हता असंही नाही. पहिलीच्या पहिल्या आठवड्यात तिनं वर्गात पाणी मागितलं होतं, "माले पानी जोयजे." वर्ग हसला. काही दिवस मुलं तिला 'जोयजे' म्हणूनच हाक मारत होती. हे तिनंच घरी सांगितलं होतं आणि घरच्यांनीही हसण्यावारी नेलं होतं. त्या एका हशानं सगळं घडलं असं मी म्हणणार नाही. अंगणवाडीतही ती परक्या माणसाशी बोलायला महिनेच्या महिने घ्यायची, आईच्या पदराआड लपायची. मुळातल्या भित्र्या स्वभावावर तो हशा पडला, इतकंच म्हणता येतं.

पहिल्या भेटीत मी एक चूक केली. तिला समोर खुर्चीवर बसवलं, खडू दिले आणि विचारलं, "नाव काय गं तुझं?" आई लगेच म्हणाली, "सांग ना बाळा, मॅडमना नाव सांग." वडीलही पुढं वाकले. तीन मोठी माणसं एका लहान मुलीच्या तोंडाकडे बघत बसलो. तिची बोटं खडूवर तशीच थांबली, चेहरा दगडासारखा झाला. या अवस्थेविषयी मी वाचलेलं होतं, इतरांना शिकवलंही होतं, आणि तरी नको तोच प्रश्न पहिला विचारला. दुसऱ्या भेटीत मी खाली सतरंजीवर तिच्या शेजारी बसले, चिंचोके पसरले आणि तिच्याकडे न बघता माझं मीच बोलत राहिले. "हा फुटका दिसतोय. हा ठेवू का बाजूला, जाऊ दे, असू दे." अर्ध्या तासानं तिनं एक चिंचोका माझ्याकडे सरकवला. त्या दिवसापुरतं तेवढं बास होतं.

खरं काम शाळेत होतं. बाईंना मी पहिल्यांदा भेटले तेव्हा त्या दुखावलेल्या होत्या. "वर्षभर मी हिच्याशी गोडीनं बोलतेय, मी काय राक्षस आहे का?" त्यांचं वाईट वाटणं खरं होतं. मूल आपल्याशी बोलत नाही हे शिक्षकाला फार लागतं. आम्ही दोघींनी मिळून काही गोष्टी ठरवल्या. हजेरीला 'हजर' म्हणायच्या ऐवजी हात वर केला तरी चालेल. बाहेर जायचं असेल तर दाराशी टांगलेला लाल पुठ्ठा उचलून जायचं, विचारायचं नाही. हे दोन्ही नियम सगळ्या वर्गाला, एकट्या चिऊला नाहीत. तिला एकटीला सवलत दिली असती तर तीस जोडी डोळे पुन्हा तिच्याकडे वळले असते. पुठ्ठा आल्यावर आणखी तीन-चार मुलं मधूनमधून बाहेर जायला लागली, म्हणजे अडचण एकट्या चिऊची नव्हती.

तोंडी परीक्षेचं काय, हा बाईंचा प्रश्न रास्त होता. चिऊ घरी वाचायची, आई ते मोबाईलवर रेकॉर्ड करायची आणि बाई एकट्यानं ऐकून गुण द्यायच्या. रेकॉर्ड करतोय हे चिऊला माहीत असायचं आणि वर्गात ते कधीही वाजवायचं नाही असं बाईंनी तिला वचन दिलं होतं. "नियमात बसतं का हे?" असं मुख्याध्यापकांनी विचारलं. शिक्षण हक्क कायद्याच्या 29 व्या कलमात मुलाला भीती आणि दडपणापासून मुक्त ठेवण्याचं लिहिलं आहे, ते मी त्यांना दाखवलं. त्यांनी वाचलं आणि पुढं कधी अडवलं नाही.

आणि आठवड्यातून तीन दिवस, शाळा भरायच्या आधी अर्धा तास, रिकाम्या वर्गात चिऊ आणि तिची आई. आई एका खाणावळीत पोळ्या लाटायला जायची. तिनं मालकिणीला सांगून कामाची वेळ पुढं ढकलून घेतली. दोघी वर्गात काचकवड्या खेळायच्या, घरच्यासारखं बोलत. आधी बाई नुसत्या व्हरांड्यातून जायच्या. मग दाराशी थांबायच्या, मग पाठमोऱ्या बसून वह्या तपासायच्या. बाई आत आल्या की चिऊचा आवाज खाली जायचा, कधी बंद व्हायचा. मग बाई दोन दिवस पुन्हा व्हरांड्यात. गणपतीच्या सुट्टीनंतर सगळं जवळजवळ पहिल्यापासून करावं लागलं. आईचा धीर त्या आठवड्यात सुटला होता.

आता स्नेहसंमेलनाकडे येते, कारण पालकांचा मूळ प्रश्न तोच असतो. वडिलांचं म्हणणं होतं, "एकदा स्टेजवर ढकला, भीड चेपेल." हे मी शेकडो वेळा ऐकलं आहे. काही नुसत्या लाजाळू मुलांची भीड चेपतेही. चिऊसारख्या मुलाची चेपत नाही, वाढते. वडिलांना मी एवढंच विचारलं, शाळेत मुलं मिळून काय काय करतात ते सांगा. ते सांगत गेले. परिपाठ, परसबागेतल्या मेथीला पाणी घालणं, खिचडीची ताटं मांडणं, आषाढीची दिंडी, नवरात्रातला भोंडला, 26 जानेवारी, स्नेहसंमेलन. मी म्हटलं, यातल्या कशात मुलाकडे बाकीचे बघत बसतात आणि कशात बाकीचेही तेच करत असतात? ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "बघणारे फक्त स्टेजलाच असतात."

भोंडला मला या कामात फार मोलाचा वाटतो. मध्ये पाटावर हत्ती काढलेला, भोवती मुलींचं रिंगण. प्रेक्षक नाहीत. समोर उभं राहायचं नाही, कारण रिंगणाला समोर नसतं. एक आवाज पंचवीस आवाजांत मिसळून जातो, मध्येच थांबला तरी कुणाला कळत नाही. चिऊच्या घरी तर याची जवळची बहीणच होती. खान्देशात भुलाबाई बसते, काही गावांत तिला गुलाबाई म्हणतात. भाद्रपदातल्या पौर्णिमेपासून कोजागरीपर्यंत महिनाभर मुली रोज संध्याकाळी जमून गाणी म्हणतात. चिऊची आजी त्या सुमाराला गावाहून आली होती. मी आईला सुचवलं, यंदा खोलीत भुलाबाई बसवा आणि चिऊच्या वर्गातल्या, आसपास राहणाऱ्या दोघी-तिघींना बोलवा.

पहिल्या दिवशी मैत्रिणी आल्या आणि चिऊ तिच्याच घरात गप्प झाली. आजीला कुणी काही शिकवलं नव्हतं. तिनं चिऊला गायला सांगितलंच नाही, आपल्या सुरात गात राहिली आणि शेवटी खाऊचा डबा वाजवला. आवाजावरून ओळखायचं, आत काय आहे. मुली ओरडत होत्या, शेंगदाणे, लाह्या, साखर. पाचव्या-सहाव्या संध्याकाळी चिऊ शेजारच्या मुलीच्या कानात काहीतरी म्हणाली आणि ती मुलगी ओरडली, "फुटाणे! चिऊ म्हणते फुटाणे!" डब्यात फुटाणेच होते. शाळेतल्या मुलीनं चिऊचा आवाज ऐकला तो असा, घरच्या जमिनीवर. नवरात्रात शाळेच्या भोंडल्याला चिऊ त्याच मुलीचा हात धरून रिंगणात होती. बाईंनी मला रात्री फोन केला. "ओठ हलत होते हो," म्हणाल्या, आणि पुढं त्यांना बोलवेना. दुसऱ्या दिवशी याचं वर्गात कौतुक करायचं नाही, हे मी त्यांना दोनदा सांगितलं. अशा मुलाला टाळ्याही रोखलेल्या नजरांसारख्याच टोचतात.

दिवाळीनंतर वर्गात चिऊ त्या एका मैत्रिणीशी कुजबुजायला लागली. बाईंशी पहिला शब्द डिसेंबरमध्ये, सकाळच्या रिकाम्या वर्गात. "निळा." बाईंनी कवडीचा रंग विचारला होता.

शाळा बदलायचा विचार घरात चालू होता, मी नको म्हटलं. जिथं एक मैत्रीण आहे आणि पाठमोरं बसायला तयार असलेल्या बाई आहेत, तिथून मूल हलवू नये. तुमच्या मुलाबाबत महिना-दोन महिन्यांत काहीच फरक नसेल, घरातलं बोलणंही कमी होत असेल, किंवा ऐकण्या-समजण्याविषयी शंका असेल, तर थांबू नका. कान तपासून घ्या, बालमानसोपचारतज्ज्ञांना दाखवा. जवळ कुणी नसेल तर मानसिक आरोग्याच्या मदतीसाठी टेलीमानसचा 14416 हा सरकारी क्रमांक आहे. तो मोफत आहे आणि मराठीत बोलता येतं.

स्नेहसंमेलनाचं ठरवायला जानेवारीत शाळा व्यवस्थापन समिती बसली. या समितीत तीन चतुर्थांश पालक असतात आणि एकूण सदस्यांत निम्म्या स्त्रिया, त्यामुळे कार्यक्रम कसा करायचा हे पालकांच्या हातातलं काम आहे. चिऊची आई सदस्य नव्हती. चिऊच्या मैत्रिणीची आई होती. तिनं मांडलं की एक कार्यक्रम स्टेजवर नको, खाली मैदानात करू, आयांना आणि आज्यांना घेऊन. भाड्याच्या पोशाखांचा खर्चही वाचेल. काहींनी नाकं मुरडली, पण झालं.

त्या संध्याकाळी मी गेले होते. मैदानात फक्कीनं हत्ती काढला होता. खान्देशातल्या, विदर्भातल्या, इथल्या बायका आणि मुली एकाच रिंगणात, प्रत्येकीच्या गाण्याची चाल जरा वेगळी. चिऊ आजी आणि मैत्रिणीच्या मधे होती. स्पीकर मोठा होता, ती गायली की नाही मला ऐकू आलं नाही आणि मी नंतर विचारलंही नाही. वडील रिंगणाबाहेर उभे होते, मोबाईल खिशात ठेवून. निघताना गेटापाशी आई दिसली. तिनं लांबूनच चिऊची बाटली वर करून मला दाखवली. पाणी अर्ध्याच्या खाली होतं.