गिटारचा सराव वाढवल्यापासून डाव्या अंगठ्याचे बूड आणि मनगट दुखते. सराव न सोडता हे थांबवता येईल का?

तुम्ही लिहिले आहे की तुमची गिटार स्टीलच्या तारांची आहे, नवरात्रात गरब्याच्या वाद्यवृंदात वाजवायचे ठरल्यामुळे रोजचा अर्ध्या तासाचा सराव तुम्ही एकदम दोन तासांवर नेला, आणि तेव्हापासून बार कॉर्ड (तर्जनी आडवी ठेवून अनेक तारा एकदम दाबायचा कॉर्ड) धरताना दुखू लागले. मी बडोद्यातच गिटार शिकवतो. श्रावण-भाद्रपदात नेमकी हीच तक्रार घेऊन येणारे विद्यार्थी मी दरवर्षी पाहतो, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

हात कमजोर आहे असे समजून रबरी चेंडू किंवा स्प्रिंगचे यंत्र दाबत बसू नका. बोटे वाकवणारे मुख्य स्नायू पंजात नसून कोपराच्या खालच्या भागात असतात. त्यांच्या नऊ कंडरा मनगटातल्या एका अरुंद बोगद्यातून, एका महत्त्वाच्या मज्जातंतूला खेटून, बोटांकडे जातात. मनगट वाकवले की या बोगद्यातला दाब वाढतो, आणि त्याच अवस्थेत जोर लावत राहिलात तर आधीच थकलेल्या स्नायूंवर आणि कंडरांवर आणखी ताण पडतो. म्हणून ताकद कमावण्याआधी वाया जाणारा जोर शोधून काढायला हवा.

तो शोधण्याची एक रीत सांगतो. तिसऱ्या तारेवर पाचव्या फ्रेटपाशी (दांड्यावरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या म्हणजे फ्रेट) बोट नुसते टेकवा आणि उजव्या हाताने तार सावकाश छेडत राहा. सुरुवातीला फक्त बोदा आवाज येईल. आता बोटाचा दाब अगदी हळू वाढवा, म्हणजे आवाज आधी खरखरेल आणि मग स्वच्छ होईल; जिथे स्वच्छ झाला तिथेच थांबा. स्वरासाठी एवढाच दाब पुरतो, आणि बहुतेक शिकणारे याच्यापेक्षा कितीतरी जास्त जोर लावत असतात. बोट फ्रेटच्या धातूच्या पट्टीला लागून, तिच्या किंचित मागे ठेवले तर दाब आणखी कमी लागतो. यानंतर अंगठा नेकवरून, म्हणजे गिटारच्या दांड्यावरून, पूर्ण उचला, उजव्या हाताच्या कोपराखालच्या भागाने गिटार पोटाशी धरून ठेवा आणि डाव्या दंडाच्या वजनाने बोटे मागे ओढून तोच स्वर काढा. अंगठ्याने चिमट्यासारखे आवळल्याशिवायही स्वर निघतो हे हाताला एकदा कळले की अंगठ्याच्या बुडाचे दुखणे बरेचसे तिथेच कमी होते.

एफ कॉर्डबद्दल एक गोष्ट फार थोडे शिक्षक सांगतात. पहिल्या फ्रेटवर आडव्या ठेवलेल्या तर्जनीला सहाही तारा दाबायच्या नसतात; तिसरी, चौथी आणि पाचवी तार दुसरी बोटे दाबतातच, त्यामुळे तर्जनीकडे फक्त सहावी, दुसरी आणि पहिली एवढ्याच उरतात. तर्जनी किंचित अंगठ्याच्या बाजूला कलती ठेवली तर तिची कडक कड तारांवर येते आणि काम हलके होते.

गिटारही तपासा. आपल्याकडे पावसाळ्यात लाकूड ओलावा शोषून फुगते, पुढची फळी वर येते आणि तारा नेकपासून उचलल्या जातात, त्यामुळे मे महिन्यात सहज वाजणारी गिटार ऑगस्टमध्ये जड जाऊ शकते, आणि नेमक्या त्याच दिवसांत गरब्याच्या तालमी सुरू होतात. बाराव्या फ्रेटवर जाड तारेची उंची साधारण २.५ मिलिमीटर आणि बारीक तारेची २ मिलिमीटरच्या आसपास असावी. पहिल्या फ्रेटवर कॅपो (सगळ्या तारा एकदम दाबून धरणारा चिमटा) लावून त्याच्या पुढच्या फ्रेटवर बार धरून पाहा. फारच सोपे वाटले तर नटच्या (दांड्याच्या टोकाला तारा टेकतात त्या पट्टीच्या) खाचा उथळ आहेत असे समजा आणि त्या जाणत्या कारागिराकडून खोल करून घ्या. सगळ्या तारा अर्ध्या स्वराने उतरवून पहिल्या फ्रेटवर कॅपो लावला तर पट्टी तीच राहते आणि ताण सुमारे ११ टक्क्यांनी घटतो. १२ ऐवजी १० नंबरचा, म्हणजे बारीक तारांचा, संच लावल्यानेही फरक पडतो.

दोन तास एका बैठकीत नकोत. वीस मिनिटे वाजवा, पाच मिनिटे हात मोकळे सोडा, आणि बार कॉर्ड सलग वाजवू नका. मौलाबक्षांनी १८८६ मध्ये गायनशाळा सुरू केलेल्या या शहरात तासन्‌तास रियाज करण्याचे कौतुक असणारच. पण तो रियाज वर्षानुवर्षे वाढवत नेलेला असतो, नवरात्राला तीन आठवडे उरले म्हणून चौपट केलेला नसतो.

उजव्या हाताकडेही लक्ष असू द्या. हींच या गरब्याच्या तालाच्या द्रुत लयीत स्ट्रमिंग करताना खांदा वर चढतो आणि पिक गच्च आवळली जाते. मोठ्या अंगाच्या गिटारवर हे अधिक होते.

अंगठा, तर्जनी किंवा मधले बोट बधिर होत असेल, करंगळी व अनामिकेत मुंग्या येत असतील, रात्री दुखण्याने जाग येत असेल किंवा आजचे दुखणे उद्या सकाळीही राहत असेल, तर सराव थांबवून अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवा. त्यावर मलम चोळून वाजवत राहणे मला मुळीच पटत नाही. डावा हात विश्रांती घेत असेल तोवर तारा हलक्या हाताने मुक्या करून फक्त ठेका वाजवता येतो, मात्र तोही उजवा हात दुखत नसेल तरच. वाद्यवृंदात कीबोर्ड आणि बेस असतील तर पूर्ण बार कॉर्डऐवजी बारीक तीन तारांवरचे छोटे कॉर्ड घ्या. ढोलाच्या आवाजात फरक कुणाच्या लक्षातही येणार नाही.