लीली चा म्हणजे ग्रीन टी नव्हे

ताई, डॉक्टरांनी कॅफीन बंद सांगितलं म्हणून सासूबाईंना 'लीली चा'च्या भरवशावर ग्रीन टी सुरू केलात आणि तरी त्या रात्री जाग्याच, असं तुम्ही लिहिलंय. हा घोळ आपल्या बडोद्यात हमखास होतो. खंडेराव मार्केटात जुडी मिळते ती लीली चा, म्हणजे गवती चहा. गुजरातीत लीली म्हणजे हिरवी, म्हणून पाकिटातला ग्रीन टी तोच वाटतो. पण ग्रीन टी ही खऱ्या चहाचीच पानं, काळी पडू न दिलेली. कॅफीन त्यात असतंच. गवती चहा नुसतं गवत आहे, वास सिट्राल या लिंबासारख्या वासाच्या द्रव्याचा, कॅफीन मुळीच नाही. मात्र आपण तो फुदिन्याबरोबर दुधाच्या चहात टाकतो, तेव्हा पुडीतलं कॅफीन आलंच. सासूबाईंना तो आलं घालून एकटाच उकळून द्या.

चहाच्या कुळातही कॅफीन नसलेलं झाड आहे, हे मला फार विलक्षण वाटतं. चीनच्या ग्वांगडोंग प्रांतात कोको टी नावाचं झाड डोंगरात आपोआप वाढतं. चहाच्या पानात आधी थिओब्रोमीन हे कॅफीनचंच भावंड बनतं आणि शेवटच्या पायरीवर त्याचं कॅफीन होतं. या झाडात ती पायरीच घडत नाही, त्यामुळे पानात कोकोतलं थिओब्रोमीन राहतं. तेही थोडी तरतरी देतंच, म्हणून झोपेची तक्रार असलेल्यांना मी ते सुचवणार नाही.

दुधाचा चहा सुटतच नसेल तर रुईबॉस आणा. दक्षिण आफ्रिकेतलं शेंगवर्गी झुडूप, रंग लालसर, कॅफीन नाही, टॅनिन म्हणजे चहातलं तुरट द्रव्यही कमी. दूध घालून चालतं. जेवणानंतरच्या चहातलं टॅनिन भाजी-डाळीतलं लोह शोषू देत नाही, त्यामुळे हिमोग्लोबिन कमी असेल तर हा फायदा मोठा.

'हर्बल' पाकिटं मात्र उलटून वाचा. पुष्कळांत ज्येष्ठमध असतं, आणि ते रोज घेतलं तर रक्तदाब वाढतो. लाल अंबाडीच्या फुलांचा चहा उलट तो थोडा उतरवतो. सासूबाईंची बीपीची गोळी चालू असेल तर दोन्हीबद्दल डॉक्टरांना आधी विचारा.

आणि चहा एकदम बंद करू नका, डोकं फार दुखतं. माझ्या आईचा आम्ही आधी संध्याकाळचा कप काढला. निम्मं कॅफीन उतरायला साधारण पाच तास लागतात, त्यामुळे सहाचा चहा अकराला अंगात असतो. आठवडाभराने दुपारचा काढला. सकाळचा सगळ्यात शेवटी.